सिव्हिल पलटण

दारव्ह्याच्या बाजारात तुम्ही कधी आलात, तर एक गोष्ट लगेच तुमच्या डोळ्यांत भरेल. इथे वांगी विकणाऱ्याच्या खांद्यावर पट्टी आहे. यवतमाळची जीप भरणाऱ्याच्या खांद्यावर पट्टी आहे. सोयाबीनची पोती उचलणारे हमाल, शाळेचे शिपाई, दुधाच्या कॅन लावून मोटारसायकलवर हिंडणारे गवळी, सगळ्यांच्या खांद्यांवर बटण लावलेल्या दोन-दोन पट्ट्या. छातीवर दोन खिसे, खिशांना झाकणं, झाकणांना काज-बटण. यातला एकही माणूस सैन्यात नाही. बहुतेक जणांना तर रेशनच्या रांगेतसुद्धा सरळ उभं राहता येत नाही.

हे सगळे शर्ट एकाच मशीनवरून उतरलेले आहेत आणि ते मशीन माझ्या दुकानाला लागून आहे. मशीनवाल्याचं नाव बळीराम राठोड. गावात त्याला कर्नल म्हणतात. त्याने कर्नलच काय, साधा शिपाई म्हणूनही कधी नोकरी केलेली नाही.

माझं मेडिकलचं दुकान आणि त्याचं टेलरिंगचं दुकान यांच्यामध्ये एक नाली आणि एक विजेचा खांब आहे. दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवय नाही. पण माझ्या काउंटरवरून त्याची कैची चाललेली ऐकू येते, आणि त्याचा आवाज तर कैचीपेक्षा मोठा. त्याच्याकडे शर्टाची तारीख विचारायला आलेला माणूस त्याचं बोलणं ऐकून होईस्तोवर माझ्याकडून डोकेदुखीची गोळी घेऊन जातो. त्यामुळे शेजारी म्हणून माझी काही तक्रार नाही.

बळीराम जवळच्याच एका तांड्यावरचा. तरुणपणी तो नागपूरजवळ कामठीला गेला आणि छावणीच्या बाहेर एका शिंप्याच्या दुकानात कामाला लागला. तिथे गणवेश शिवायचे, ढिले-घट्ट करायचे, फिती लावायच्या, फिती काढायच्या. अर्धं आयुष्य त्याने तेच केलं. लॉकडाऊनमध्ये ते दुकान बंद पडलं, तेव्हा मशीन टेम्पोत टाकून तो परत आला आणि नालीच्या पलीकडे बसला. बायको शेवंताबाई तांड्यावरच राहिली. तिला शेत बघायचं होतं. हा दुकानातच झोपायचा आणि आठवड्यातून एक-दोनदा तांड्यावर जायचा.

त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं आहेत. एक फौजी. बाकीचे सगळे सिव्हिल. तहसीलदार सिव्हिल, खिसेकापू सिव्हिल, माझा जावई सिव्हिल. हा शब्द तो शिवीसारखा वापरत नाही, पण कौतुकही नसतं त्यात. पावसात भिजलेल्या कोंबडीकडे पाहून आपण जसं च् च् करतो, तसा काहीसा सूर असतो.

"भाऊ," तो मला सांगतो, "फौजीचा शर्ट कोनी असाच बनवून नाही ठेवला. त्याच्यात एक टाका फालतू नाही. तुमचा सिव्हिलचा शर्ट पाहा. एक खिसा, थो बी उघडा. वाकले का मोबाईल नालीत."

माझा मोबाईल त्याच आठवड्यात नालीत पडला होता, म्हणून मी गप्प बसलो.

त्याच्याकडे मी एकदा पांढरं कापड दिलं. साधा शर्ट सांगितला. साधा हा शब्द दोनदा उच्चारला. चार दिवसांनी शर्ट आला तो पट्ट्या, झाकणं, खिशांच्या मधोमध चुण्या, सगळं घेऊन आला.

"बळीरामभाऊ, हे काय?"

"पट्टी."

"ते दिसतंय मला. मी मागितली होती का?"

"मागत कोनीच नाही," तो म्हणाला, आणि सुईत दोरा ओवायला लागला. मग दोरा ओवून झाल्यावर म्हणाला, "तुमी थैली कोन्या खांद्यावर घेता?"

"डाव्या."

"घसरते?"

"घसरते."

"मंग?"

मी तो शर्ट घातला. थैलीचा पट्टा पट्टीखाली सरकवला आणि यवतमाळला जाऊन आलो. थैली घसरली नाही. हे मी त्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही, कारण त्याने मग पँटचंही मनावर घेतलं असतं.

पण खरं सांगायचं तर तो नुसती नक्कल करत नाही. गणवेशातली एकेक गोष्ट तो उलटून-पालटून बघतो आणि सिव्हिल माणसाला तिचा काय उपयोग, याचा दिवस दिवस विचार करतो. फवारणीच्या पंपाचा पट्टा खांद्यावरून सुटतो, म्हणून फवारणीवाल्यांच्या पट्ट्या रुंद आणि दुहेरी. खिशाला चुणी, म्हणजे तंबाखूची डबी आणि मोबाईल दोन्ही मावतात आणि छाती फुगलेली दिसत नाही. दुधाच्या गवळ्याला पाठीत दोन चुण्या, मोटारसायकलवर वाकल्यावर शर्ट वर चढू नये म्हणून. आणि तारे, बिल्ले, फिती यांतलं काहीही नाही. तिथे तो फार कडक. "रीत घ्यायची. मान नाही घ्यायचा," असं म्हणतो.

कापड मात्र गिऱ्हाइकाचं. त्यात तो ढवळाढवळ करत नाही. त्यामुळे फौजी बेताचे शर्ट गुलाबी चौकडीत, पोपटी रेघांत आणि मोठ्या मोठ्या सूर्यफुलांच्या छापातही बघायला मिळतात. सूर्यफुलांवर पट्टी कशी दिसते हे शब्दांत सांगणं कठीण आहे.

माप घ्यायची त्याची पद्धतही निराळी. आपण गेलो की आपोआप ताठ होतो, पोट आत घेतो. बळीराम टेप गळ्यात अडकवून नुसता बघत बसतो. "फौजीचं माप एका मिनिटात होते. थो उभाच तसा राह्यते. सिव्हिल मानूस मापाले उभा राह्यला का खोटं बोलते." एकदा एका गावचे सरपंच आले. श्वास रोखून उभे. बळीरामने त्यांना सोयाबीनचा भाव विचारला, मग बियाण्याचा, मग त्यांच्या विरोधी पार्टीतल्या माणसाची तब्येत विचारली. त्या माणसाचं नाव निघताच सरपंचांचा श्वास सुटला, पोट पुढे आलं, आणि तेवढ्यात बळीरामने टेप फिरवला. सरपंच म्हणाले, माप चुकलं. शर्ट बरोबर बसला.

त्याच्या शर्टांनी आमची एकदा चांगलीच फजिती केली. बाजारातल्या एका किराणावाल्याच्या मुलाचं लग्न नेरला होतं. नवरदेवाच्या मित्रांनी हौसेने एकसारखं बदामी कापड घेतलं आणि बळीरामकडे टाकलं. पट्ट्या, झाकणं, सगळं यथासांग. वरात नेरच्या मंगल कार्यालयाच्या दारात पोचली. तिथला व्यवस्थापक धावत आला आणि त्या पोरांना म्हणाला, "किती उशीर करता! जा, आधी तिकडं गाड्या लावा." आणि पोरं गेली. मला सांगा, एकाने तरी विचारावं की नाही, आम्ही कोण आणि तू कोण? पण नाही. अर्धा तास त्यांनी शिट्ट्या मारून गाड्या लावल्या. मुलीकडच्या मंडळींनी त्यांना जाताना बक्षीसही दिलं. बळीरामला हे सांगितलं तर तो जराही हसला नाही. म्हणाला, "गाड्या नीट लागल्या ना?"

लागल्या होत्या. नेरला एवढ्या नीट गाड्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

मला स्वतःला त्याचं सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे बायांचे शर्ट. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवरून पुरुषाचा फुल बाहीचा शर्ट घालतात. वाळलेल्या बोंडांची टोकं हात ओरबाडतात, वरून ऊन. हा शर्ट कुणाचा तरी जुना असतो. नवऱ्याचा, भावाचा, कधी शहरातून आलेल्या गाठोड्यातला. त्यांच्या मापाचा शर्ट कुणी शिवावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

बळीरामच्या आलं. वेचणीच्या बायांची एक टोळी आमच्या गल्लीतून रोज जाते. त्या टोळीची पुढारी कमळाबाई. वय साठीच्या पुढे, जीभ विशीतली. तिला त्याने एक दिवस हाक मारून थांबवलं आणि वाकून दाखवायला सांगितलं.

"कायले वाकू? तुह्या पाया पडू का?" कमळाबाई म्हणाली.

"कापूस वेचतांनी वाकते तशी वाक, बाई. माप घेतो."

टोळी हसून हसून बेजार झाली. पण तिच्या वाकण्यातून त्याने जो शर्ट काढला तो बघण्यासारखा होता. आतून साडीचा पदर मावेल एवढी मोकळी काख. पुढची बटणं झाकलेली, म्हणजे पऱ्हाटीच्या, कपाशीच्या झाडाच्या, काड्या अडकत नाहीत. बाही वर करून अडकवायला आतून फीत. आणि खांद्यावर पट्टी, ती तर हवीच. महिनाभरात सगळी टोळी तशी दिसायला लागली. सकाळी त्या रांगेने शेताकडे निघाल्या की बळीराम मशीन थांबवून त्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचा. मला वाटायचं, आपल्या कामावर खूष झालेला कारागीर आहे.

एकदाच मी त्याला चिडलेलं पाहिलं. ढाणकीकडची दोन तरुण पोरं कुणाकडे तरी पाहुणी आली होती. कर्नलची कीर्ती ऐकून ती हिरवं-तपकिरी ठिपक्यांचं, खऱ्या जवानांच्या अंगावर असतं तसलं कापड घेऊन आली. म्हणाली, यात शिवून द्या. बळीरामने कापडाला हातही लावला नाही.

"हे नाही शिवत मी."

"काहून? तुमी तं तसेच शिवता ना."

"थे कापड बाजारात भेटते म्हनून घ्यायचं नसते. थे अंगावर चढवायले तिथं जा लागते. लेकरायनो, घरी आईबाप हाय का तुमचे?"

पोरं म्हणाली, आहेत. "मंग जा," तो म्हणाला, "जेवा, आन झोपा." त्यानंतर त्या दिवशी त्याने काही शिवलं नाही. खुर्ची बाहेर टाकून रस्त्याकडे बघत बसला.

आता त्याच्या मुलीबद्दल सांगतो.

मोनाली त्याची एकुलती एक. ती सीमेवरच्या एका दलात भरती झाली. पहाटे तांड्याबाहेरच्या रस्त्यावर धावून, गोळाफेक करून, तालुक्यातल्या अभ्यासिकेत बसून तिने ते मिळवलं. निवड झाल्याचं कळलं तेव्हा तांड्यावर ढोल वाजला, बाजारात तिच्या फोटोचा फलक लागला. आणि ज्या माणसाच्या तोंडात फौजीशिवाय दुसरा शब्द नसतो, तो माणूस मुलीशी बोलायचा बंद झाला. ती प्रशिक्षणाला निघाली त्या दिवशी सगळा तांडा स्टँडवर होता. बळीराम दुकानात कुणाच्या तरी पायजम्याला नाडी ओवत होता.

मी त्याला विचारलं होतं. शेजारी म्हणून तेवढा हक्क मी घेतलाच.

"देशाले पोरं पायजेत, खरं हाय," तो म्हणाला. "पन माहीच काहून? कामठीत किती पोरायचे माप घेतले मी. जाताना समदे येत, हसत. ढिला करा, टाईट करा, घाई हाय. मंग कुठं गेले, काय झालं, शिंप्याले कोन सांगते? आन माहीच चूक हाय, भाऊ. उरलेल्या कापडाचे मीच तिले लहानपनी फ्रॉक शिवून आनायचो. खिसेवाले. थे घालून तांडाभर परेड करे."

आणि मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही. मुलीशी बोलायचं नाही, पण तिच्याबद्दल सगळं ठाऊक हवं. बाजाराच्या दिवशी शेवंताबाई भाजीची टोपली घेऊन यायची आणि त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायची. दुपारी मोनालीचा फोन यायचा. शेवंताबाई फोनचा स्पीकर चालू करून तो मशीनच्या फळीवर ठेवायची. आपसात ते गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, बोलतात, पण इतकं ऐकून ऐकून मला ती कळायला लागली आहे, म्हणून आपल्या भाषेत सांगतो.

"तुह्या पोरीले सांग," बळीराम बायकोला म्हणायचा, "फोटोत शर्टाची खांद्याची शिवन खाली उतरून राह्यली. कोन शिवलं थे?"

"याडी," फोनमधून आवाज यायचा. याडी म्हणजे आई. "बाले सांग, इथं समद्यायची तशीच हाय."

"तिले सांग, समद्यायचं मले नोको सांगू."

"बाले इचार, जेवले का?"

"तिले सांग, जेवलो. तिले इचार, थंडी लय हाय का?"

शेवंताबाई मध्ये बसून पालकाच्या जुड्या बांधायची. तिला कुणाला काहीच सांगावं लागत नसे, दोघांना सगळं ऐकू जात होतं. एकदा सुटे पैसे आणायला ती उठून माझ्याकडे आली. इकडे काउंटरवर ती, तिकडे फोन चालूच. "तिले सांग, पायात मोजे दोन घाल." "बाले सांग, दोनच घालतो." मध्ये कुणीही नाही. मी हसायला तोंड उघडलं आणि शेवंताबाईकडे पाहिलं. ती पैसे मोजायचं सोडून तिकडेच बघत होती. म्हणाली, "चालू द्या भाऊ. एवढं बी बंद झालं तं काय करू?"

मग मला हसू आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मोनालीला पहिली लांब सुट्टी मिळाली. तांड्यावर तिचं स्वागत झालं, गुलाल उधळला. बळीराम गेला नाही. लग्नसराईचं काम आहे म्हणाला. लग्नसराईला महिनाभर वेळ होता. एक दिवस गेला, दोन गेले. ती तिकडे, हा इकडे, मध्ये तीन-चार किलोमीटरचा रस्ता. मी त्याला म्हणालो, "अरे, पोरगी परत जाईल. मग बसशील." तो नुसता मशीन चालवत राहिला. मी मनातून फार चिडलो होतो. असा हट्टी माणूस शेजारी असला की आपल्यालाच जेवण जात नाही. आणि भीतीही वाटत होती. ही अशीच न बोलता परत गेली, तर यांच्यातला तो फोनवरचा दोरा किती दिवस टिकेल?

बाजाराचा दिवस आला. शेवंताबाई टोपली घेऊन आली आणि तिच्या मागे मोनाली. साधा निळा पंजाबी ड्रेस, कापलेले केस, उन्हाने रापलेलं तोंड. मी तिला खूप दिवसांनी बघत होतो. ती पार बाजारातून चालत आली होती, आणि चालताना तिची मान सारखी इकडून तिकडे फिरत होती. हमालांच्या थांब्याजवळ ती थबकली. जीपवाल्यांकडे बघितलं. कमळाबाईची टोळी बाजार करायला आली होती, तिच्याकडे तर तोंड उघडं टाकून बघितलं. मग दुकानासमोर येऊन उभी राहिली.

बळीरामने मान खाली घातली आणि बायकोला म्हणाला, "तुह्या पोरीले पानी दे."

शेवंताबाई जागची हलली नाही.

"बा," मोनाली म्हणाली. थेट. "ह्या बाजाराले काय करून ठेवलं तुमी?"

त्याने मशीनचं चाक फिरवायला घेतलं.

"समद्यायच्या खांद्यावर कायले लावलं हे? मी जाईपर्यंत तं नव्हतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खरंच नव्हतं. कामठीहून आला तेव्हा बळीराम चारचौघांसारखे शर्ट शिवायचा. मी रोज बघणारा माणूस, आणि हे कधी सुरू झालं ते मी कधी मनाशी जुळवूनच पाहिलं नव्हतं.

बळीरामने मशीनवरचा हात काढला. मग म्हणाला, "फोटोत तू एकटी दिसे. तिकडं दूर, खांद्यावर पट्टी लावून एकटी. मले पाहवे ना. म्हनून इकडं समद्यायले लावून टाकली. आता मान वर केली का कुठं ना कुठं तू दिसते. सकाळी ह्या बाया शेतात जाते, तं वाटते, तूच चालली रांगेनं. चार बायाईच्या संगं."

मोनालीने ओढणी तोंडाला लावली. पण ती बापाचीच मुलगी. रडतारडता भांडायला लागली.

"मंग फोनवर काहून नाही बोलले? एक डाव तरी?"

"बोललो असतो तं ये म्हनलो असतो," बळीराम म्हणाला. "आन तू आली असती."

माझ्या काउंटरवर एक गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन उभं होतं. त्याला मी औषध दिलं की नाही, कोणतं दिलं, काही आठवत नाही. मला एवढंच वाटत होतं की हे बोलणं इतके दिवस या माणसाने कुठे ठेवलं असेल. आपण याला विक्षिप्त म्हणून हसत होतो, आणि हा रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलीला ये म्हणायचं नाही, एवढं एकच काम करत होता. शर्ट तर त्याचे नुसते हात शिवत होते.

त्या दिवशी त्याने दुकान दुपारीच बंद केलं आणि दोघींबरोबर तांड्यावर गेला. सुट्टी संपेपर्यंत उघडलं नाही. लोक येऊन माझ्याकडे चौकशी करायचे आणि मी मोठ्या ऐटीत सांगायचो, कर्नल रजेवर आहेत.

मोनाली परत निघाली तेव्हा मीही स्टँडवर गेलो होतो. नेरवरून बडनेऱ्याला जाणारी बस होती. बळीरामने तिची जड बॅग स्वतः वर चढवली, खिडकीपाशी उभा राहिला आणि बस सुटेपर्यंत बोलत राहिला. मोजे, थंडी, जेवण, तेच सगळं, पण मध्ये कुणी नव्हतं. बस गेली. आम्ही दोघे चालत परत निघालो.

वाटेत तो म्हणाला, "भाऊ, आता फोनवर बोलीन मी. रोज."

"बोल की."

"ये नाही म्हननार. जमते मले आता." मग थोडं चालून, "लोकायच्या खांद्यावर माही पोरगी कायले, नाही का? कोनी मागतलं बी नव्हतं. आतापासून इचारीन. ज्याले साधा पायजे त्याले साधा."

मला हे पटलं. थोडं वाईटही वाटलं. त्याचं गुपित गावात फक्त मला ठाऊक आहे, आणि ते आता असं हळूहळू, एकेका शर्टाने पुसलं जाणार, असं माझ्या मनात आलं. गुपित सांभाळणाऱ्या माणसाची म्हणून एक ऐट असते, ती मी चार-पाच दिवस भोगली.

मग एका सकाळी कमळाबाई आली. काखेत जांभळ्या फुलांचं नवं कापड. "जय भीम, कर्नल," म्हणाली आणि कापड फळीवर टाकलं. मागे तिची टोळी रस्त्यात उभी होती, शेतावर जायच्या घाईत.

बळीरामने कापड उलगडलं, खडू हातात घेतला आणि ठरवल्याप्रमाणे विचारलं, "पट्टी लावू का साधा शिवू, बाई?"

कमळाबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. "काहून? पोरगी नोकरी सोडून आली का?"

"नाही. गेली ना परत. पाच दिवस झाले."

"मंग लाव ना गा. कायले इचारते?" ती म्हणाली. "थे पट्टी आमाले काय कामाची होती? पह्यल्या दिवशीच समजलं होतं, पोरीसाठी जीव तुटून राह्यला ह्याचा. म्हनून तं घातली. हमालायले इचार, जीपवाल्यायले इचार. समद्यायले मालूम हाय. येईपर्यंत राहू दे."

मी माझ्या काउंटरवर औषधांचे खोके मांडत होतो, तसाच थांबलो. बळीरामने खडू खाली ठेवला. कापड तोंडाशी धरलं. त्याची पाठ हलायला लागली, आणि आवाज बाहेर येऊ नये म्हणून तो ते कापड आणखीच घट्ट धरत होता. रस्त्यातल्या बाया कुजबुजायच्या थांबल्या.

कमळाबाईने त्यांना हाताने खूण केली. त्या आल्या आणि एकेक करून दुकानाच्या पायरीवर, नालीच्या कठड्यावर, जिथे जागा मिळेल तिथे बसल्या. मग तिने स्टूल पुढे ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

"रडून घे आधी," ती म्हणाली. "माप मंग घे. कापूस काई पळून नाही चालला."